मंदाच्या फोटोतले पापड

घ्या, चहा घ्या. पण घोट गिळून झाल्यावरच पुढचं ऐका, नाहीतर ठसका लागेल अन् बायको म्हणेल, यांनी पुन्हा तोच किस्सा काढला वाटते! माझ्या हातून आयुष्यात गाढवपणा काही कमी झाला नाही, पण हा जो झाला न, तो अख्ख्या सौंसरात गाजला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. घरात मी, बायको शकुंतला, पोरगी पिंकी अन् माझी धाकटी बहीण मंदा. मंदा लग्नाची. स्थळं येत, फोटो पाहत अन् गप्प बसत. पोरगी दिसायला चांगली हो! पण स्टुडिओतला फोटो असा, की जणू पोलीस ठाण्यात हजेरी द्यायला उभी आहे. मान ताठ, डोळे फाटलेले, हात कागदी फुलांच्या कुंडीवर.

तशात नागपूरला माझा एक जुना मित्र दुबईहून आला. मी भेटायला गेलो, तर त्याने पेटीतून कॅमेरा काढला. जपानी! पुढे लेन्स अशी, की दुधीभोपळाच लावलाय. मित्र म्हणाला, "याची गंमत अशी, की ज्याच्यावर नेम धरला तोच माणूस साफ. बाकी सारं धूसर. चेहरा कसा उठून दिसतो पाहा!"

मी पाहिलं. अन् गेलो कामातून!

शकुंतलेने फ्रिजसाठी पैसे साठवले होते. ते मी मित्राला देऊन त्या भोपळ्यावर उधळून आलो. वर थोडे उसने. घरी पेटी उघडली तेव्हा शकुंतलेने त्या भोपळ्यात डोकावून पाहिलं. 

मग म्हणाली, "यात बरफ होते का?"

"अवं, हे फालतू नाही. घरच्यासाठी आहे! पिंकीचे वाढदिवस, सणवार, जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन, सारं घरच्या घरी. अन् मुख्य म्हणजे मंदा! असा फोटो काढतो तिचा, की पहिल्याच स्थळाने हो म्हटलं पाहिजे. एक लग्न जुळलं, की कॅमेऱ्याची किंमत वसूल!"

"अन् नाही जुळलं तं?"

"जुळणारच!"

झालं! बोललो खरा. आता मागे फिरणं नव्हतं. शाळेतल्या सरांनाही मी ऐकवून बसलो होतो, की महिन्याभरात पेढे देतो.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात मंदाला स्टुलावर बसवलं. मागे शकुंतला खाटेवर पापड वाळत घालून राहिली होती. मी आधी नेम धरायची सवय व्हावी म्हणून खाटेवरच नेम धरून पाहिला. जमला! मग चष्मा कॅमेऱ्याला आडवा येत होता, तो काढून खिशात ठेवला अन् मंदाकडे वळलो. "मान जरा इकडे! हस! अशी नाही, मोकळी हस! हनुवटी वर!"

"दादा, मान दुखून राहिली," मंदा कुरकुरली.

मागे शकुंतला माझी ती कसरत पाहून खदखदा हसत होती. अंगणभर मी असा उकिडवा, असा वाकडा, एकदा तर तुळशीत पडता पडता वाचलो. पण रोल संपवूनच थांबलो.

नागपूरहून फोटो धुऊन आले. काहींत मंदाचे डोळे मिटलेले, काहींत डोकंच कापलेलं. एकच फोटो बरा. तोही... म्हणजे मंदा होती त्यात. पण जरा धूसर होती. जरा म्हणजे... बरीच.

शकुंतला फोटो उजेडात धरून म्हणाली, "अहो, मंदाताई तं धुकट दिसून राहिल्या. अन् मागे मी पाहा, पापडातले जिरे मोजता येते!"

आता खरं सांगा, त्या क्षणी कबूल केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही! डोळ्यांसमोर फ्रिज उभा राहिला. मी म्हणालो, "तुले नाही समजत. हे आर्ट आहे. तोंडावर असा हलका पडदा पाहिजे, त्यानं सौंदर्य वाढते."

"पडदा नाही हो, धुकं आहे. कोण आहे तेच समजत नाही."

"मागचं कोण पाहते? लोक समोरचं पाहतात!"

अन् फोटो पाकिटात घालून, पाकीट डिंकाने बंद करून मी बबनकाकांच्या हाती दिलं. बबनकाका म्हणजे आमचे सावरगावचे नातेवाईक, तेच मध्यस्थ. स्थळ पांढुर्ण्याचं. घरचा संत्र्याचा बगीचा, वडील नाहीत, मुलगा अशोक कृषी खात्यात नोकरीला. असं स्थळ पुन्हा मिळणं कठीण.

आठवडाभरात काका सायकल दारात टाकून धावतच आले. "मास्तर, कमाल झाली! पोराच्या मायले पोरगी पसंत! म्हणे, पोरगी किती कामसू! फोटो काढून राहिले तरी हातचं काम नाही सोडलं!"

मंदा तर स्टुलावर नुसती बसली होती! पण मी काय म्हणालो असेन? "पाहिलं? चांगला कॅमेरा माणसाचा स्वभावही पकडते!"

"अन् म्हणे हसणं किती मोकळं!"

मंदा माझ्याकडे पाहायला लागली. "दादा, मी कुठं हसली?"

"आतून हसली असशील. लेन्स जपानी आहे!"

शकुंतलेने काही विचारायला तोंड उघडलं होतं, पण मी तोवर पाहुण्यांना यायचा निरोप देऊन मोकळा!

पाहुणे आले. अशोकची माय, त्याचे मामा, अशोक अन् बबनकाका. माय म्हणजे भारदस्त बाई, आवाज असा की शेतात वखर ओढणाऱ्या बैलांनीही ऐकावं. अशोक खाली मान घालून बसला. काका चपला काढताच शेजारी कोणी ओळखीचं भेटलं म्हणून बाहेरच गप्पा मारत थांबले. ते आत असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण नशीब!

आत मंदा साडीच्या निऱ्या ठीक करत होती, म्हणून शकुंतला आधी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. दिवसभर चुलीशी राबून घाम आलेला, म्हणून पदर गळ्याभोवती गुंडाळून घेतलेला, त्यात मंगळसूत्रही झाकून गेलेलं. तिला पाहताच माय फुलली.

"हेच न ते! ये बाई, बस माझ्यापाशी. फोटोपरीस चांगली दिसते!"

मला वाटलं, वा! किती मायाळू माणसं! आधी घरच्या सुनेची विचारपूस. शकुंतलाही लाजून टेकली. अन् मी? मी कॅमेरा काढला. असा क्षण सोडायचा? खटाखट फोटो काढायला लागलो.

"सैंपाक येते न बाई?"

"येते न. रोज मीच तं करून राहिली."

"रोज? बाप्पा! बाकीचे काय करतात?"

शकुंतलेने माझ्याकडे पाहिलं. "फोटो काढतात."

मामा म्हणाले, "मास्तर, आम्हाले आणखी काही विचारायचं नाही."

"विचारा न, संकोच कायले?" मी एका डोळ्याने लेन्समधून पाहत म्हणालो. "या घरचं सारं हीच पाहते. हिच्यासारखी तुम्हाले शोधूनही सापडणार नाही!"

माय खूश. शकुंतलेची हनुवटी धरून म्हणाली, "आमच्या घरी मन लागन का तुह्यं?"

"लागन न. येत जाईन मी कधीमधी."

"कधीमधी? अवं, कायमचंच या लागते!"

शकुंतला गोंधळली. माझ्याकडे पाहते, तर मी तिकडून काय म्हणावं? "येईल न! न यायले काय झालं? मीच आणून सोडतो!"

ऐकलं तुम्ही? आपल्या तोंडाने बोललो मी हे!

मामांचा ऊर भरून आला. "असा मोकळ्या मनाचा भाऊ पाहिला नाही."

भाऊ? हा शब्द कानाशी येऊन जरा अडखळला. पण तोवर मायने पिशवीतून नारळ अन् खण काढून शकुंतलेच्या ओटीत घातलेसुद्धा! अन् मी त्याचाही फोटो काढला.

तेवढ्यात आतून पिंकी धावत आली अन् शकुंतलेच्या मांडीवर धपकन बसली. "आई, मले पण पोहे!"

मायने पिंकीकडे पाहिलं, मग शकुंतलेकडे. बाहेर काकांच्या गप्पा चालूच होत्या.

"आई?" मायने विचारलं.

"माझी पोरगी," शकुंतला म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवून, "अन् हे माझे मालक."

मामा उभेच राहिले. "म्हणजे मास्तर, तुम्ही स्वतःची बायको..."

मायने पिशवीतून फोटो काढून माझ्यासमोर आपटला. "मंग हे कोण? सोन्यासारखी पोरगी पापड घालून राहिली, साफ दिसते!"

"ते... ते मागचं आहे. मुलगी समोर आहे, स्टुलावर."

"समोर? आम्हाले वाटलं, फोटो काढताना कोणी आडवं आलं!"

मी खूप समजावलं हो. लेन्स, नेम खाटेवरच कसा राहिला, चष्म्याविना मला ते कसं दिसलं नाही, सारं. फळ्यावर नकाशा काढून समजवावं तसं हाताने हवेत काढून दाखवलं. शेवटी म्हणालो, "एवढाच दोष झाला, नेम चुकला."

"मास्तर, नेम चुकला तं पाखरू उडते. इथं तुमची बायको चालली होती!"

माय उठली. चपलेत पाय घातला.  कॅमेऱ्याचं जाऊ द्या हो, पोरीचं चांगलं स्थळ माझ्या हट्टापायी दारातून परत चाललं होतं.

तेवढ्यात आतल्या दारात खळ्ळकन आवाज! मंदा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. दाराआडून तिने सगळं ऐकलं होतं अन् इतका वेळ हसू दाबून धरलं होतं. ते आता फुटलं! कप हलून राहिले, चहा सांडून राहिला अन् पोरगी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून राहिली. "दादा, ते धुकं मीच आहो म्हणून सांग न त्यांले!"

अन् काय सांगू, अशोकने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. मंदाकडे पाहिलं. तोही हसायला लागला. मग मायच्या पदराला हलकेच ओढून म्हणाला, "माय, बस न जराशी. समोरचीही पाहून घेऊ. धुकं ओसरलं तं चांगलीच दिसते."

माय बसली. चहा झाला. पोहे झाले. नारळ शकुंतलेच्या ओटीतून मंदाच्या ओटीत गेला. देणंघेणं काही नको, माय म्हणाली. फक्त निघताना दारात वळली.

"मास्तर, आमची एकच अट हाय."

"सांगा न माय, जीव देतो!"

"जीव ठेवा तुमच्यापाशीच. लग्नात फोटोवाला आम्ही आणू."

मी हात जोडले. दुसरं करणार काय?

पाहुणे गेल्यावर मी मुकाट्याने कॅमेरा पेटीत घालायला लागलो. शकुंतला कपबशा गोळा करत होती. म्हणालो, "पुढच्या आठवड्यात नागपूरला जाऊन विकून टाकतो. फ्रिज आणू."

"खबरदार विकला तं!" ती म्हणाली. "लग्न होऊन इतके वर्ष झाले, तुम्हाले कधी दिसलं नाही मी चांगली दिसते म्हणून. त्या यंत्राले एका दिवसात दिसलं!"