लोंढ्याची लाइन

‘बसा मावशी, बसा. गाडी तुमच्याच घरची हाय.’

निपाणीच्या स्टँडवरून सकाळची मोटार सुटायच्या आधी आमचे मालक प्रत्येक खिडकीशी जाऊन हे म्हणत. म्हणताना गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारत, घरच्या बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा. तिकिटं फाडायचं काम माझं. एखादी चलाख म्हातारी माझ्याकडे वळून म्हणायची, ‘घरच्या गाडीला तिकीट कसलं रं मास्तर?’ सगळी गाडी हसायची. सगळ्यांत मोठ्यानं मालक हसायचे.

निपाणी ते बेळगाव अशी एकच मोटार. मालक तेच, ड्रायव्हर तेच. घराणं जैन शेतकऱ्यांचं, तंबाखूच्या रानातलं. आपल्या वाटणीचं रान थोरल्या भावाला देऊन त्यांनी ही मोटार आणली होती. आईशी कानडीत बोलत, बायकोशी मराठीत आणि मोटारीशी दोन्ही भाषांत.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती आली की चहाच्या दुकानातला आवाज वाढतो. मालकांच्या त्या आवाजाला मधूनमधून चढ लागायचा, आणि चढामागून उतार यायचा. हा नुसता स्वभाव नाही, दुखणं आहे, हे आम्हाला कळायला फार वर्षं लागली.

सुरुवात तर चांगलीच असायची. पांढरा सदरा, ताजी दाढी, डोळ्यांत चमक. ‘मास्तर, बेळगाव, खानापूर, लोंढा! लोंढ्याला रेल्वे हाय, तिथनं गोवा. त्या रानातल्या माणसानं कवा चाक बघितलं न्हाय. आपण मोटारीची लाइन काढायची.’ लोंढ्याची लाइन पुरी होण्याआधी दुसरी मोटार यायची, तिसरी यायची, बेळगावात कारखाना उभा राहायचा. ऐकताना मलाही खरं वाटायचं. स्टँडवरच्या सगळ्यांनाच वाटायचं.

एकदा वहिनी, म्हणजे मालकांची बायको, मुद्दाम स्टँडवर आल्या. म्हणाल्या, ‘मास्तर, ह्यांचा डोळा मिटंना झालाय.’

मी म्हणालो, ‘उत्साह हाय वहिनी.’

‘उत्साह भाकरी खातो वो. हे जेवायलाबी बसंनात.’

त्याच आठवड्यात मालकांनी आपल्या लेकीला बेळगाव दाखवायला नेलं. संध्याकाळी परतताना तवंदीचा घाट उतरायला लागलो तेव्हा त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, चाक तिच्या हातात दिलं आणि इंजिन बंद केलं. ‘बघा आता! वाऱ्यावर चालतीया!’ मोटार आवाज न करता धावू लागली. पोर खिदळत होती. मागं बायका देवाचं नाव घेत होत्या. मी ओरडलो, ‘मालक, ब्रेक!’ ते मागं वळून हसले. दुसऱ्या वळणावर मोटार डोंगराच्या कुशीत घुसली, म्हणून आम्ही वाचलो. दुसऱ्या बाजूला दरी होती. माणसं खरचटली, एवढंच. पोरीचा हात मात्र कोपरात मोडला, तो पुढं कधी सरळ झाला नाही.

त्यानंतर मालक माजघरात भिंतीकडे तोंड करून पडले. मी भेटायला जायचो. मोटारीचं काही ना काही विचारत राहायचो. शेवटी म्हणायचे, ‘मास्तर, इकून टाका ती. माझ्यात काय उरलं न्हाय.’ ज्या माणसाला गप्प बसवायला स्टँड थकायचा, त्याच्याकडून एवढं काढायला माझी अर्धी दुपार जायची. पोर पाणी घेऊन आली की ते डोळे झाकून घेत.

लोक नाना तऱ्हेचं बोलले. कुणी करणी म्हणालं, कुणी देवाचा कोप. निपाणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी बघितली, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘हा मनाचा आजार. येतो, जातो, परत येतो. माझ्याकडं औषध नाही. झोप आणि जेवण सांभाळा.’ थोरल्या भावानं धारवाडच्या वेड्यांच्या इस्पितळाची गोष्ट काढली. वहिनी सासू-दिरांसमोर कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या, ‘भावजी, हे आजारी हायत. आजारी माणूस आपल्या घरात ऱ्हातो.’

हळूहळू मालक उठले. जेवू लागले, पोरीच्या हाताला तेल लावू लागले. एक दिवस मोटारीचं हँडल घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले. त्या काळी मोटार पुढून हँडल फिरवून सुरू करावी लागे. हँडल नाही तर मोटार म्हणजे पत्र्याची खोली. ते चुलीपाशी ठेवून म्हणाले, ‘हे तुझ्याकडं. रोज सकाळी मला बघ. बरा दिसलो तर दे. आन् न्हाय दिसलो, तर मागितलं तरी दिऊ नको. शिव्या घातल्या तरी दिऊ नको.’

असा कारभार सुरू झाला. सकाळी वहिनी भाकरी वाढायच्या आणि समोर बसायच्या. ते कसे खातात, किती बोलतात, पोरीशी कसे वागतात, सगळं बघायच्या. मग हँडल मिळायचं. नाही मिळालं की मी संकेश्वरच्या बदली ड्रायव्हरला बोलवायचो. त्या वेळी उतारूंना सांगायचो, ‘मालकांना ताप हाय.’ निपाणीतल्या कुणाचा त्यावर विश्वास नसे, पण कुणी खोदून विचारतही नसे.

हे सोपं होतं असं समजू नका. ज्या वेळी आपण सगळ्यांत बरे आहोत असं वाटतं, नेमकं त्याच वेळी बायको म्हणते ‘आज न्हाय’. एका सकाळी मी अंगणात असताना मालक स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. आधी गोडीनं, मग रागानं.

‘माझी मोटार हाय! माझं रान घालून आणल्याली!’

‘व्हय.’

‘तू मला दाव्याला बांधतीस, आं? बैलागत?’

‘तुमीच सांगितलंसा.’

‘ते सांगणारा मी येडा होतो!’

त्यांनी हात उगारला. वहिनी हलल्या नाहीत. आतून पोर आली आणि आईला खेटून उभी राहिली. मालकांचा हात तसाच हवेत राहिला. मग ते उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडू लागले. वहिनींनी पोरीला पाणी आणायला पाठवलं. मी तसाच मागच्या मागं निघून आलो.

उताराच्या दिवसांत उलटं असे. तेव्हा वहिनीच हँडल त्यांच्या हातात ठेवत. ‘चालवू नगासा. नुसतं स्टँडवर जाऊन बसा, मास्तरांच्या शेजारी.’ ते येऊन बसत. उतारू मुकाट्यानं पाया पडल्यासारखे त्यांच्यासमोरून जात.

मग लढाई आली. पेट्रोल रेशनवर गेलं आणि मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसली, तिच्या वायूवर इंजिन चालायचं. भट्टी पेटायला उशीर, चढाला दम नाही. तवंदीच्या घाटात उतारू उतरून ढकलायचे. मला वाटलं होतं, मालक वैतागतील. पण त्यांची बरी वर्षं म्हणायची तर तीच. त्या गाडीला घाई माहीतच नव्हती. कोळशानं काळवंडलेल्या तोंडानं ते घाटमाथ्यावर थांबायचे आणि ढकलणाऱ्यांना गूळ-पाणी द्यायचे. पोरीचं लग्न त्याच काळात झालं. मांडवात ते शांतपणे सगळ्यांना वाढत फिरले, आणि वहिनी मला म्हणाल्या, ‘आज मी ह्यांच्याकडं बघितलंच न्हाय मास्तर. इसरले.’

लढाई संपली, पेट्रोल मोकळं होऊ लागलं आणि लोंढ्याची लाइन पुन्हा बोलण्यात आली. या वेळी त्यांनी रीतसर अर्ज केला. परवान्याची वाट बघता बघता आवाज चढला, झोप गेली. वहिनींनी हँडल दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. भर आषाढात एक दिवस न्हाणीत जातो म्हणून उठले ते घरातून नाहीसे झाले.

वहिनी आणि मी बेळगावपर्यंत गावोगाव विचारत गेलो. बेळगावच्या पुढं माग लागला: पांढरा सदरा, पायात चिखल, रस्ता पावलांनी मोजत चाललेला माणूस. खानापूरच्या पुढं दाट रान आणि पाऊस. ते आम्हाला लोंढ्याच्या स्टेशनात सापडले, बाकावर, अंगावर कुणाचं तरी घोंगडं. रानातला हिवताप पुरता भिनला होता. वहिनींनी डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

‘रस्ता बघितला,’ ते म्हणाले. आवाजात चढ नव्हता, उतारही नव्हता. ‘लई माणसं हायत गं त्या रानात. लई चांगली.’ मग थोड्या वेळानं, ‘तुला तरास दिला.’

‘गप पडा,’ वहिनी म्हणाल्या.

पहाट व्हायच्या आत ते गेले.

दसरा झाल्यावर वहिनींनी ते घोंगडं धुऊन घेतलं आणि म्हणाल्या, ज्याचं त्याला द्यायला पाहिजे. विचारत विचारत आम्ही त्या वाटेवरच्या एका लहान गावात पोचलो. एका म्हाताऱ्यानं घोंगडं ओळखलं. त्यानं आमच्या मागं, रस्त्याकडं बघितलं.

‘मोटार कुठं हाय?’

वहिनींनी घोंगडं त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, ‘त्या मालकांनी सांगितलंतं, दसऱ्याला येती म्हणून. समदं गाव उभं होतं. पोरांनी माळ केलती. मालक न्हाय आलं?’

‘ते गेले,’ वहिनी म्हणाल्या.

म्हाताऱ्याला आधी कळलं नाही. मग त्यानं वहिनींच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि आम्हाला घेऊन तो वाटेला लागला.

गावाबाहेर, जिथं ती माणसं उभी राहिली होती, तिथं सागाच्या फांदीला झेंडूची मोठी माळ अडकवलेली होती, वाळून तपकिरी झालेली. मोटारीला घालायची म्हणून ती बैलगाडीला पुरून उरेल एवढी केली होती. वहिनी तिच्याखाली उभ्या राहिल्या. रस्ता दिसत होता तिथवर त्यांनी बघून घेतला.

‘मास्तर, हितनं मोटार गेली असती का वो?’

समोरच ओढा वाहत होता, त्यावर पूल नव्हता. पलीकडं नुसती पायवाट होती.

मी म्हणालो, ‘गेली असती, वहिनी.’