एकाच माणसाचा पास

नीळकंठ देशकर भोपाळच्या कारखान्यात फिटर होता. मोठ्या यंत्रांची बेअरिंगं हाताने घासून बसवायची, हे त्याचं काम. दांड्याला निळा रंग लावायचा, तो फिरवायचा, बेअरिंगवर जिथे रंग उमटेल तेवढंच खरवडायचं, की पुन्हा रंग. एका बेअरिंगला तीन दिवस लागत. दोन दिवसांत उरकणाऱ्याशी तो बोलत नसे.

अठ्ठ्याहत्तर साली जुन्या शहरात, तळ्याकाठच्या एका नवाबी काळातल्या हॉटेलात कारागिरांची परिषद भरली. नीळकंठला त्याच्या कामावर निबंध वाचायचा होता. टाउनशिपमधलं क्वार्टर तिथून बसने तासाभरावर. पण सगळ्यांनी हॉटेलातच उतरायचं असं ठरलं होतं.

निबंध त्याने सांगितला, लिहिला बायकोने. मनोरमा नागपूरची मॅट्रिक, हिंदी तिचं चांगलं. त्याने चारदा दुरुस्त्या केल्या, चारदा तिने स्वच्छ प्रत काढली.

“अहो, वाचाल तेव्हा मी मागे बसेन,” ती म्हणाली. “एवढंच हवंय मला.”

“विचारतो.”

विचारलं मात्र नाही. परिषदेच्या पासावर नाव एकाचं होतं. अठरा वर्षं पास दाखवून कारखान्याच्या फाटकातून आत जाणाऱ्याला, त्यापुढे विचारायचं असतं हेच सुचलं नाही.

हॉटेलातला पलंग इतका रुंद, की कुठल्या कडेला झोपावं ते त्याला ठरवता येईना. सकाळी त्याने चादर स्वतःच ताणून घातली. खोली आवरायला आलेला माणूस म्हणाला, “साहब, मेरी नौकरी खाओगे क्या?”

त्या दिवशी अकराला त्याची पाळी होती. साडेदहाला मनोरमा हॉटेलाच्या दारात आली, ठेवणीतली हिरवी साडी नेसून.

“विचारलंत ना?”

“पास एकाचाच आहे. तू या बाकावर बस. मी वाचून येतो.”

म्हातारा दरवान ऐकत होता. अस्सल भोपाळी ढंगात म्हणाला, “को खां, कारखाने के आदमी हो कि थाने के? जाने दो बहनजी को. अंदर कुर्सियां ख़ाली पड़ी हैं.”

“नियम तो नियम है,” नीळकंठ म्हणाला.

मनोरमा बाकावर बसली.

मंचावर उभा राहिल्यावर त्याला दिसलं, मागच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. खाली उतरून तिला बोलवायला एक मिनिट पुरलं असतं. हे त्याला कळलं, आणि त्याने वाचायला सुरुवात केली. बारा मिनिटं. एक शब्द चुकला नाही. टाळ्या पडल्या.

बाहेर आला तर बाकावर कोणी नव्हतं.

“गईं,” दरवान म्हणाला. “पूछ रही थीं, शुरू हुआ क्या. मैंने कहा, हो गया. फिर बस पकड़ ली.”

संध्याकाळी तो घरी पोचला. ती पोळ्या लाटत होती.

“तुला वाचून दाखवू?”

“कशाला? चारदा लिहिलाय. पाठ आहे मला.”

“मग तिथे तरी काय नवीन ऐकणार होतीस?”

तिने तव्यावरची पोळी उलटली. “ऐकायचं नव्हतं हो. तुम्हाला बघायचं होतं, चार लोकांसमोर.”

नीळकंठने निबंधाचे कागद घडी करून खिशात ठेवले.

पुढे त्याला आणखी दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा त्याने आधी पत्र घालून दोघांची सोय मागितली. लगेच होकार आला. पहिल्या वेळी ती म्हणाली, “तुम्ही जाऊन या.” दुसऱ्या वेळी ती अंथरुणाला खिळलेली होती, आणि तो गेलाच नाही.