एक रेघ मारलेली ओळ

गुरुवार, ४ फेब्रुवारी १९९३. नळ सहाला आला, पावणेसातला गेला. बेबाबाई भांड्यांना आली नाही. शेवग्याच्या शेंगा आणल्या. लीलाधर चहाला आला, पण चहा निवला तरी प्याला नाही.

एवढे लिहून पुष्पाबाईंनी पेन ठेवले. लीलाधर अजून समोर बसलाच होता.

जळगावातल्या त्यांच्या घराची वरची खोली त्याच्याकडे भाड्याने होती. मूळचा शिरपूरकडचा, केळी विकणाऱ्या एका सहकारी संस्थेत कारकून. संस्थेत कॉम्प्युटर आला तसा तो त्याच्याच गळ्यात पडला. कोणत्या शेतकऱ्याची केळी कोणत्या दिवशी वॅगनमध्ये भरायची, ती पाळीची यादी कॉम्प्युटरने काढावी, असा प्रोग्राम तो लिहीत होता. येत्या सोमवारी तो चेअरमनना दाखवायचा होता. जमला, तर शिरपूरच्या शाखेत हेच काम नव्याने उभे करायला त्याला कायमचे पाठवणार. नाही जमला, तर जळगावातच हाताने याद्या.

यजमान जाऊन अकरा वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. संध्याकाळच्या या एका चहापुरतेच पुष्पाबाईंच्या घरात दोन माणसांचे बोलणे होई.

"काय झालं रे?"

"बठ्ठं गयं, अक्का! सगळं गेलं! सोमवारपर्यंत यादी ठीक निघत होती. पण एकाच गावात चुडामण जीवराम पाटील दोन निघाले. एकाची पाळी दुसऱ्याला जायची. म्हणून बदल करत गेलो, तर आता झुलाल नाना या एकाच शेतकऱ्याचं नाव तीनदा येतंय."

"मग आधीचं घे की."

"आधीचं कुठं शे? रोज त्याच फ्लॉपीवर, त्याच नावानं ठेवलं. नवं ठेवलं की जुनं पुसलं जातं."

"म्हणजे पाटीच की! मला आपलं वाटत होतं, वही असेल."

तो हसला नाही. "काय काय बदललं, तेसुद्धा धड आठवत नाही."

पुष्पाबाईंनी डायरीकडे पाहिले. ते सगळे त्यांच्याकडे लिहिलेले होते. चहा पिताना तो जे सांगे ते कळो न कळो, त्या रोज उतरवून ठेवत. पण डायरी त्यांनी कधी यजमानांनाही दाखवली नव्हती. शिवाय कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिस्त अंगात मुरलेली: चुकले तर खोडरबर नाही, एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे.

त्या उठल्या, चहा पुन्हा गरम करून आणला आणि डायरी त्याच्यापुढे सरकवली.

'मंगळवार. लीलाधरने गावाच्या नावाची ओळ काढून शेताचा गटनंबर घातला.' 'बुधवार. गटनंबर आधी, नाव मागून, असे केले.' लीलाधर भराभर उतरवून घेऊ लागला. बुधवारच्या तळाशी त्याचा हात थांबला. तिथे एका रेघेने खोडलेली, तरी स्वच्छ वाचता येणारी ओळ होती: 'सोमवारी नाही जमले तर बरे होईल.'

"तुझ्या कामाचं तेवढं वाच," पुष्पाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी त्याने एकेक बदल उलटा फिरवला, कुठे बिघडले ते सापडले आणि तेवढेच दुरुस्त केले. शनिवारी पुष्पाबाईंनी त्याला कोरी वही दिली. चार रकाने आखलेले: क्रमांक, तारीख, काय बदलले, का बदलले. "दर वेळी नवा क्रमांक, नवी फ्लॉपी. जुनीला हात लावायचा नाही." सोमवारी दोन्ही चुडामण आपापल्या पाळीला निघाले. चेअरमननी तिथल्या तिथे शिरपूर ठरवून टाकले.

निघायच्या दिवशी ट्रंक दारात ठेवून तो पाया पडला. हातात नव्या कामासाठी नवी वही होती. पहिली ओळ पुष्पाबाईंनीच लिहून दिली होती: 'क्र. १. बदल काही नाही. सुरुवात.'

"अक्का, त्या दिवशी ती ओळ…"

"वरची रेघ दिसली ना? मग झालं. जा, एसटी चुकेल."

रविवार, २८ फेब्रुवारी. वरच्या खोलीतला बल्ब काढून स्वयंपाकघरात लावला.