मालक रुवैसला आहेत

सगळ्यात आधी टपकली ती शेजारची रुबिना. सरकारी माणसं यायला अजून तासभर होता, पण हिने ओढणी सावरत सोफ्यावर जागा धरली सुद्धा... म्हणे, मावशी, मी फक्त बघणार, एक शब्द बोलणार नाही. रत्नागिरीची आहे, गप्प बसणं तिला जमत नाही. मलाही जमत नाही, म्हणून तर आमचं पटतं.

हे मी फोनमध्ये बोलून लिहितेय हं. शाळा माझी तिसरीत सुटली, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर माणसं कशाला येणार होती ते सांगते. माझ्या सुनेच्या, वैशालीच्या, दोन मिनीबस आहेत. आमच्या शारजातल्या बायकांना ती हमरिया फ्री झोनच्या फॅक्टऱ्यांत नेते-आणते. आता एका सरकारी खात्याचं कॉन्ट्रॅक्ट निघालंय... ऑफिसातल्या बायकांना रोज सिलिकॉन ओएसिसला न्यायचं. अशी कामं नेहमी मोठ्या कंपन्याच उचलतात, दोन गाड्यांवालीला गेटवरूनच परत पाठवतात. वैशाली दोनदा परत आलेली, मी तिचं तोंड बघितलंय.

पण आता छोट्या धंद्यांसाठी सरकारी सर्टिफिकेट निघालंय. धंदा बाईचा आहे आणि खरंच बाईच चालवते, असं घरी येऊन बघणाऱ्या सरकारी माणसांना पटलं पाहिजे. सर्टिफिकेट मिळालं की काही कामं फक्त अशाच लोकांसाठी राखून ठेवतात म्हणे. मला ऐकूनच इतका आनंद झाला की मी आदल्या दिवशीच बेसन भाजायला घेतलं. (बेसन मंद आचेवरच भाजायचं, घाई केली की कच्चट लागतं... ते असो.)

आल्या एक अरबी बाई, काळा अबाया, हातात टॅब. सोबत हिंदी बोलणारा एक मल्याळी मुलगा. बाईंनी लाडू खाल्ला आणि दुसरा स्वतःहून उचलला... माझं मन तिथंच भरलं.

वैशाली लायसन्स आणायला आत गेली. तेवढ्यात त्या मुलाने मला अगदी अदबीने विचारलं, "माँजी, मालिक कौन है?"

आता आमच्या कराडकडं मालक म्हणजे नवरा. नाव घ्यायचं नाही, मालक म्हणायचं. मला वाटलं, किती संस्कारी पोरगा, वैशालीच्या नवऱ्याची चौकशी करतोय. मी म्हटलं, मालक रुवैसला असतात, मोठ्या रिफायनरीत, शुक्रवारी संध्याकाळी येतात. वर आणखी लेकाचं कौतुक नको का... म्हटलं, उनके बिना इधर कुछ नहीं चलता.

मुलाने बाईंना अरबीत सांगितलं. बाईंचं टॅबवरचं बोट थांबलं. रुबिनाने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून दुखतंय.

वैशाली बाहेर आली, तिला दोन मिनिटांत कळलं काय झालं ते. चेहरा पांढराफटक. समजावून सांगायला लागली, पण बाई म्हणाल्या की कागदावर बायको आणि कारभार नवऱ्याचा, असं त्यांना रोज बघायला मिळतं. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं... पोरीची एवढी मेहनत, आणि मी एका शब्दात पाणी फिरवलं.

मग बाईच म्हणाल्या, यल्ला, म्हणजे चला, मालिकला फोन लावा. स्पीकरवर. आणि कुणी काही बोलायचं नाही.

माझा संतोष शिफ्टवर होता, मागे मशीनचा घरघर आवाज. मुलाने विचारलं, उद्या सकाळी तुमच्या गाड्या कुठल्या रूटने जाणार?

"मेरी गाड़ी? साहब, वो सब मॅडम को पूछो," माझा लेक म्हणाला. "मैं छुट्टी पे आता हूँ तो मुझको भी पीछे की सीट पे बिठाती है."

रुबिना सोफ्यावर आडवीच झाली. बाईंना मुलाने सांगितलं, तशा त्याही अबायाच्या बाहीने तोंड झाकून हसायला लागल्या. संतोष बिचारा तिकडून हॅलो हॅलो करतोय.

मग बाईंनी मलाच परत विचारायला लावलं, मालिक कौन. मी वैशालीचा हात धरला आणि म्हटलं, ही. आणि मालक म्हणजे आमच्याकडे काय, तेही सांगितलं, रुबिनाने हिंदी केलं, मुलाने अरबी... तीन भाषांतून फिरून ते बाईंपर्यंत पोचलं. आणि बोलताना माझ्या ध्यानात आलं, मालकीण म्हटलं तरी आम्ही मालकाची बायकोच धरतो. जी स्वतःच मालक, तिला हाक मारायला मी कधी शब्दच शिकले नाही. या वयात शिकले, हेही नशीबच म्हणायचं.

सर्टिफिकेट अजून हातात नाही हं. बाईंना गाडीत बसून बघायचंय, हमरियापर्यंत, पहिल्याच फेरीला.

वैशालीने त्यांना तोंडावर सांगितलं, गाडी पाचला सुटते, कुणासाठी थांबत नाही. मी मनात म्हटलं, मेले मी, सरकारला असं बोलतात होय... पण बाईंनी मान डोलावली, टॅबमध्ये लिहून घेतलं, आणि दारात चप्पल घालता घालता वैशालीलाच परत एकदा विचारून खात्री केली.

गुरुवारी, पहाटे पाचला, खाली गेटपाशी.