शेजारचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दोनच शिक्षक होते. एकाला शिकणारे 'भोंगा' म्हणत, कारण कुणी क्लच सोडायची घाई केली की त्याचा आवाज दोन चौक पलीकडे जाई. दुसऱ्याला म्हणत 'लोणी'. सव्वीस वर्षांत या मास्तरांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. त्यांच्याकडे नाव घालायला रांग लागे. भोंग्याच्या गाडीतून लोक डोळे पुसत उतरत.

मास्तरांची सगळी करामत पायात होती. शिकवणीच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूलाही ब्रेक असतो. समोर सायकल आडवी आली की भोंगा धाडकन ब्रेक मारी आणि पुढची पाच मिनिटं शिकणाऱ्याची सालटी काढी. मास्तरांचं तसं नव्हतं. शिकणाऱ्याचा पाय हलतोय न हलतोय तोच ते आपला पाय अलगद टेकवत. गाडी थांबे. वर म्हणत, "वा, छान थांबवलीस." घाबरलेला माणूस गाडी शिकत नाही, हे त्यांचं ठाम मत.

"तुझी पोरं पास होतात रे," भोंगा चहा पिता पिता म्हणे. "शिकतात का, ते मात्र देव जाणे."

"आणि तुझी बहिरी होतात," मास्तर म्हणत.

मास्तरांच्या बहिणीच्या मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ती मामाकडेच शिकायला आली. चुणचुणीत पोर. महिन्याभरात स्टिअरिंग एका हाताने फिरवू लागली.

"मामा, समोर काही आलं ना, की माझा पाय आपोआप जातो. मला कळतसुद्धा नाही!"

मास्तर हसले. परीक्षा मोकळ्या मैदानावर झाली, आठचा आकडा काढला, लायसन्स हातात आलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, ती वडिलांची गाडी घेऊन निघाली. मागे दोघी, शेजारी जिवलग मैत्रीण. मैत्रीण मागच्यांशी बोलायला वळून बसली होती, म्हणून तिने पट्टा काढला होता. गाणी मोठ्याने लावलेली, वेग ऐंशीच्या घरात. वळणापलीकडे मालाचा ट्रक बंद पडून उभा होता. गाडीची शेजारची बाजू त्याच्याखाली गेली. मागच्या दोघींचं खरचटण्यावर निभावलं. भाचीची मांडी मोडली. मैत्रीण जागेवरच गेली. शिकताना मामा ज्या जागेवर बसायचा, त्याच जागेवर ती बसली होती. फक्त तिथे ब्रेक नव्हता.

"मामा, मी दाबला होता," हॉस्पिटलच्या खाटेवरून भाची पुन्हा पुन्हा सांगत होती. "नेहमीसारखाच दाबला. गाडी थांबलीच नाही."

बहिणीने मास्तरांना व्हरांड्यात ओढलं. "ब्रेकच गेला असणार. तू पोलिसांना सांग, दादा. तुझा शब्द ते मानतील. नाहीतर पोरीच्या नावावर आयुष्यभर हे राहील."

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या आवारात चेपलेली गाडी बघायला मास्तर गेले. मेकॅनिकने तेल तपासलं होतं, नळ्या तपासल्या होत्या. मास्तरांनी वाकून पेडल हाताने दाबलं. कडक होतं. पंचनाम्याप्रमाणे रस्त्यावर टायर घासल्याची खूण जेमतेम दोन हातांची, तीही ट्रकला लागून.

"मुलगी म्हणते ब्रेक फेल," फौजदार म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत ना? तुमचं काय म्हणणं?"

मास्तरांनी पेडलवरून हात काढला. "ब्रेक चांगला आहे."

"मग?"

"तो कधी दाबायचा, हे तिला माहीत नव्हतं. दर वेळी मी दाबत होतो. लिहून घ्या."

त्या दिवसापासून बहीण त्यांच्याशी बोलली नाही. भाची बोलली, एकदाच.

"किती वेळा, मामा?"

"रोज."

"आणि 'छान थांबवलीस' म्हणायचास, तेव्हा?"

मास्तरांनी तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. "तेव्हासुद्धा."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

महिनाभराने मास्तर कामावर आले. आल्या आल्या त्यांनी गॅरेजच्या वायरमनकडून आपल्या पेडलला बझर जोडून घेतला. त्यांचा पाय पडला की तो कर्कश वाजतो. पहिल्याच दिवशी कॉलेजातली एक मुलगी शिकायला बसली. तासाभरात बझर चौदा वेळा वाजला. प्रत्येक वेळी मास्तर म्हणाले, "हा माझा होता. तुझा नव्हे." उतरताना ती रडत होती.

संध्याकाळी तिचे वडील आले. "अहो, तुमचं नाव ऐकून पाठवली होती. पोरीचा आत्मविश्वास पार गेला."

"चौदा वेळा मी थांबवली," मास्तर म्हणाले. "तिने एकदाही नाही. आत्मविश्वास जाऊ दे. तो सध्या तिच्याकडे नसलेलाच बरा."

वडिलांनी तिचं नाव भोंग्याकडे घातलं. भोंग्याने तिचं कार्ड घेतलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि आपला चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.