अंगठ्याचा खटला

कॅलिफोर्नियातल्या एका डोंगराळ गावात डोरीन हॅस्केट तीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होती. अर्धस्वयंचलित बंदुकीच्या मुठीभोवती अंगठ्याचा विळखा बसला, तर कायद्याने ती बंदी असलेलं हत्यार. मुठीला प्लास्टिकचं पातं लावून अंगठा अडवला, की तीच बंदूक सोज्वळ! अशी शेकडो पाती डोरीनने नाक मुरडत बसवली.

मग तिच्या वेड नावाच्या गिऱ्हाइकावर खटला झाला. डोरीननेच बसवलेलं पातं म्हणे आखूड होतं, अंगठा पलीकडे पोचत होता. डोरीन साक्षीला गेली, तेव्हा दोन शिकलेसवरलेले वकील पट्टीने एका पोलिसाचा अंगठा मोजत होते.

"बाई, पात्याने बंदूक कमी घातक होते ना?" सरकारी वकिलाने विचारलं.

"गोळी तीच, नळी तीच. घातक वाटतात तर सगळ्याच काढून घ्या, नाहीतर लोकांच्या बंदुका सोडा. हा पोरखेळ कशाला?"

वेड निर्दोष सुटला. आठवड्याभरात बंदूकवाल्यांच्या पत्रकावर डोरीनचा फोटो झळकला, खाली "लोकांच्या बंदुका सोडा". बंदीवाल्यांच्या पत्रकावर तोच फोटो, खाली "सगळ्याच काढून घ्या".

वेड नवी बंदूक घेऊन हसत आला. "डोरीनबाई, पातं बसवून द्या की."

"तुझ्या वकिलाकडून बसवून घे," म्हणत तिने दार लावलं.