उलट्या शब्दांचा शेल

शामला हेडाऊला एका जागी बसवत नसे. जेवताना तिचा गुडघा हलायचा. शाळेत गणित शिकवायची तेव्हा फळ्यापासून खिडकीपर्यंत अशा येरझारा घालायची, की तिच्याकडे बघून पोरींच्या माना दुखायच्या. ती शाळा तिनं वर्षभरात सोडली. मग बँकेत लागली, तीही सोडली. कामठीच्या घरात पॉवरलूमच्या कांड्या भरता भरता आई, सुभद्रा, विचारायची, "काहून वं, तुले तिथून कोणी हाकलते का?"

"कोणी नाई हाकलत. मलेच बसवत नाई."

१९८४ साली नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका छोट्या कंपनीत तिला प्रोग्रामरची नोकरी लागली, तेव्हा सुभद्राबाईंनी शेजारणीला सांगूनच टाकलं, की दिवाळीपर्यंत पोरगी हीही नोकरी सोडून घरी येते.

ही कंपनी स्वतः कॉम्प्युटर जुळवत होती. परदेशातून नवा प्रोसेसर आणला होता आणि एक ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या मूळ प्रोग्रामसकट चुंबकीय टेपवर मिळाली होती. ती जुन्या, वेगळ्या मशीनसाठी लिहिलेली. आपल्या मशीनवर ती चालवून दाखवायची, एवढंच काम. बाकी बहुतेक सगळं चाललं, अडलं ते शेलपाशी. आपण टर्मिनलवर आज्ञा टाइप करतो ती वाचून मशीनकडून करवून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. छोटी आज्ञा दिली तर तो गुमान काम करायचा. जरा लांबलचक दिली, की कोसळायचा.

कंपनीचे प्रमुख असलेल्या मनोहररावांनी शेलचा प्रिंटआउट शामलापुढे ठेवला. "सी भाषा येते ना तुम्हाला? बघा याचं काय दुखतंय ते."

तिला सी येत होती. पण हे सी नव्हतं. निदान तसं दिसत तरी नव्हतं. सीमध्ये महिरपी कंस उघडतात आणि मिटतात. इथं कंसच नव्हते. 'इफ'नं उघडलेलं 'फाय'नं मिटत होतं, 'लूप'नं सुरू झालेलं 'पूल'नं संपत होतं, म्हणजे त्याच इंग्रजी अक्षरांचा शब्द उलटा लिहिलेला. लिहिणाऱ्याला आल्गॉल नावाच्या जुन्या भाषेचा लळा होता म्हणे. त्यानं एका छोट्या फाइलीत या शब्दांच्या व्याख्या करून ठेवल्या होत्या आणि सीच्या अंगावर आल्गॉलचे कपडे चढवले होते.

शामला चिडली. पानं उलटत ती खोलीभर फिरायला लागली. प्रोसेसरचे बोर्ड बघणारा वसंत निखाडे सोल्डरिंग करत होता. त्यानं मान वर केली.

"काय झालं, शामलाताई?"

"हे पाहा ना, वसंतभाऊ. 'जर' म्हणून सुरू करायचं अन् संपवताना 'रज' म्हणायचं! असं कोणी लिहिते का? मी हे पूर्ण साध्या सीमध्ये लिहून काढते."

"पण मशीनले कुठं माहीत, तुम्ही कोणता शब्द लिहिला ते? मशीनच्या भाषेत बदलणारा कम्पायलर तर पहिले त्या शब्दांचे कंसच करून टाकते. कपडे बदलून ताप उतरते का?"

"मले वाचता तर येईल!"

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. न समजलेली गोष्ट समोर ठेवून शांत बसणं तिला जमत नव्हतं. हात चालू राहिले की आपण पुढे जातोय असं वाटायचं. पान न् पान ती टाइप करत सुटली. कामठीच्या बसमध्ये मांडीवर बोटं वाजवायची. घरी आई पानात भाकर वाढायची, तर हिचं लक्ष कुठं दुसरीकडेच. "खाऊन राहिली का मोजून राहिली?" आई विचारायची.

लिहून झालं त्याच दिवशी कंपनीत पाहुणे आले होते. मशीन विकत घेऊ पाहणारे, मुंबईचे. त्यांना छोट्या आज्ञा दाखवून वेळ मारून न्यायची, असं मनोहररावांनी ठरवलं होतं. शामलाला राहवलं नाही. कुणालाही न विचारता तिनं सकाळीच मशीनवर आपला शेल चढवला. आज आपण लांब आज्ञाही चालवून दाखवू, या भरात तिनं तो नीट तपासलासुद्धा नाही.

पाहुण्यांसमोर मनोहररावांनी तारीख विचारणारी साधी आज्ञा दिली. शेल कोसळला. त्यांनी पुन्हा दिली. पुन्हा कोसळला. पाहुण्यांतल्या एकानं घड्याळ पाहिलं. टाइप करताना शामलाचा एक कंस एक ओळ खाली मिटला होता, तेवढंच. आधी चालणारंही आता चालेना.

पाहुणे गेल्यावर मनोहरराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. "टेपवरचा जुना शेल परत चढवा," ते वसंतला म्हणाले. "हे काम आता तुम्ही बघा." शामलाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

ती चप्पल घालून बाहेर पडली. ऐन दुपारी महाराजबागेत शिरली आणि चालत राहिली. डोक्यात एकच, उद्यापासून यायचं नाही. शाळा सोडली, बँक सोडली, हेही सोडू. पण या वेळी पाय घराकडे वळेनात. बँकेतलं काम तिला कळलं होतं, म्हणून कंटाळा आला होता. हे तर अजून कळलंच नव्हतं. न कळता सोडायचं? ती झाडाखाली बसली, लगेच उठली आणि आली तशी कंपनीत परतली.

मूळ प्रिंटआउट वसंतच्या टेबलावर होता.

"मी वाचू का? काही बदलत नाई. फक्त वाचते."

वसंतनं कागद तिच्याकडे सरकवले.

या वेळी ती लिहिणाऱ्याच्याच शब्दांत वाचू लागली. 'इफ' ते 'फाय', 'लूप' ते 'पूल'. दोनेक दिवसांनी ते उलटे शब्द डोळ्यांना खुपेनासे झाले. मग तिला जाणवलं, की हा माणूस लिहिण्याआधी मशीनकडे मेमरी, म्हणजे लिहायला जागा, मागतच नाही! लांब आज्ञा आली की आपल्या जागेत लिहीत जातो. जागा संपली तरी थांबत नाही. हद्दीबाहेर पाऊल पडलं की मशीन बोंब मारतं. ती बोंब झेलायची सोय त्यानं आधीच करून ठेवलेली. झेलली की जागा वाढवून घ्यायची आणि अडलं होतं तिथून पुढे चालू.

"वसंतभाऊ, हा तर माह्यासारखाच हाय! पहिले घुसायचं, अडलं की मग पाहायचं. पण जुन्या मशीनवर तर चालते हे. मग आपल्याकडं काहून मरून राहिला?"

वसंतनं सोल्डरिंगची कांडी खाली ठेवली. "थांबा, थांबा. अडलं तिथून पुढे, म्हणजे अर्धवट राहिलेली सूचना पुन्हा करायची ना? आपल्या प्रोसेसरले ते येतच नाई. एकदा बोंब मारली की कुठपर्यंत आला होता तेच विसरते तो."

म्हणजे शेलचं दुखणं प्रोसेसरात होतं. मग शामला इतक्या जोरात हसली, की मनोहरराव केबिनमधून बाहेर आले.

दुरुस्ती दोघांनी मिळून केली. लिहिण्याआधी जागा पुरेल का ते बघायचं, पुरत नसेल तर आधीच मागून घ्यायची. प्रोग्रामात अशा जागा शोधता शोधता आठवडे गेले. शामलाला घाई सुटली की वसंत नुसता म्हणायचा, "तपासलं का?" ती दात-ओठ खात पुन्हा तपासायची. नव्या ओळी तिनं 'इफ' आणि 'फाय'मध्येच लिहिल्या. मनोहररावांना नवल वाटलं. "तुम्हाला तर हे आवडत नव्हतं?"

"आताही नाई आवडत, सर. पण घर त्याचं हाय."

मुंबईचे पाहुणे परत आले नाहीत. पण शेल कितीही लांब आज्ञा झेलू लागला, आणि मशीन पुढे दुसऱ्यांनी घेतलं. त्या दिवशी मनोहररावांनी सगळ्यांना तर्री-पोहे मागवले. शामलानं ते उभ्याउभ्याच खाल्ले.

दिवाळी आली आणि गेली. सुभद्राबाई वाट बघून थकल्या. शामला त्या कंपनीत पाच वर्षं राहिली. कंपनीच बंद पडली म्हणून निघाली, नाही तर आणखी राहिली असती. मग हैदराबादला गेली, तिथून पुण्याला. जाईल तिथं दुसऱ्यांचे जुने प्रोग्राम तिच्याकडे यायचे, कारण असलं वाचायला कुणी राजी नसायचं. एकानं चलांना, म्हणजे व्हेरिएबल्सना, नातेवाइकांची नावं दिलेली, एकानं ओळीच तोडलेल्या नाहीत. ती ते कागद हातात घेऊन खोलीभर फिरत फिरत वाचायची. बदल मात्र पूर्ण वाचून झाल्याशिवाय करायची नाही. त्यातही तिचा जीव वर-खाली व्हायचाच. घरी फोन केला की आई विचारायची, "बसते का वं आता एका जागी?"

"नाई आई," ती म्हणायची, "पण आता सोडून जात नाई."